घर विकायचंय, पण त्या पोपड्यांचं काय करू?

मागच्या अंकात घर विकण्यावर सहज चार ओळी लिहिल्या तर इतके ईमेल आले की बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले, त्यातले पाच प्रश्न इथे घेतलेत. आधीच सांगते, मी आर्किटेक्ट नाही आणि वकीलही नाही. आईबाबांचा चिंचवडचा फ्लॅट विकला, मग आमचा स्वतःचा विकला आणि मधल्या दीड वर्षात स्वतःसाठी चाळीसएक घरं बघितली, त्यामुळे परक्यांच्या सोफ्यावर अवघडून बसायचं आणि आपल्या सोफ्यावर परक्यांना बसवायचं, दोन्ही करून झालंय.

प्रश्न : ताई, कोथरूडला आमच्या आईवडलांचा टूबीएचके आहे. १९९२ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोघंही आता नाहीत. विकायचं हे मला आणि धाकट्या भावाला मान्य आहे, पण भाऊ म्हणतो आधी मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, सगळीकडे नवीन टाइल्स करू, पाच-सहा लाख घालू म्हणजे दहा लाख जास्त येतील. मी म्हणते जसं आहे तसं विकू. कोणाचं बरोबर? – एक वाचक, पुणे

दोघांचंही नाही, पण तुमचं जरा जास्त बरोबर आहे.

भावाला एक हिशोब करून दाखवा. समजा घर ९० लाखाला जातंय. घेणारा कर्ज काढणार, बँक साधारण ८० टक्क्यांपर्यंत म्हणजे ७२ लाख देईल, वरचे १८ लाख त्याच्या पदरचे. त्यावर पुण्यात सध्या मेट्रो सेस धरून ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे ६ लाख ३० हजार (घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर ६ टक्के), आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार. म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख रोख उभे करून तो माणूस तुमच्या दारात येणार, एजंटचं कमिशन वेगळंच. त्याच्या हातात फॉल्स सीलिंगला द्यायला काही उरत नाही आणि बँकेचा व्हॅल्युअर एरिया, बिल्डिंगचं वय, लोकेशन बघतो, तुमच्या किचनच्या सॉफ्ट क्लोज ड्रॉवरचे पैसे तो धरत नाही. शिवाय किचन ही इतकी आवडीनिवडीची गोष्ट आहे की तुम्ही लाल लावलं तर घेणारीला पांढरं हवं असणार, आणि ती येऊन म्हणणार "अय्या छान आहे हं" आणि खाली उतरल्यावर नवऱ्याला म्हणणार "हे सगळं काढावं लागेल". मी स्वतः असं म्हटलेलं आहे.

पण जसं आहे तसं पण नको. माझा अनुभव असा की घर बघायला आलेला माणूस मनात सतत बेरीज करत असतो, नळ गळतोय, दोन हजार, दार घासतंय, तीन हजार, बाथरूममध्ये काहीतरी काळं आहे, देव जाणे किती. आणि जे त्याला कळत नाही त्याचा आकडा तो नेहमी मोठाच धरतो. पाचशे रुपयांच्या वॉशरसाठी पन्नास हजार भाव पाडून मागतात लोक. तेव्हा त्याला घाबरवणाऱ्या गोष्टी काढून टाका, खूश करणाऱ्या राहू द्या.

१९९२ चं घर म्हणजे मोझॅक टाइल्स असणार बहुतेक. त्या उपटू नका!! नवीन टाइल्स त्याच्यावर चढवल्या की दारं खालून तासावी लागतात, बाथरूमचा उंबरा खाली जातो, भानगडीतून भानगड. मोझॅकला मशीन पॉलिश करून घ्या. तीस वर्षांचा मळ गेला की त्या फरशा अशा काही निघतात की विचारूच नका, आणि हल्ली तर जुना मोझॅक आवडणारी तरुण मंडळी पण आहेत. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे पॉलिश रंगाच्या आधी, कारण त्या मशीनचा करड्या चिखलासारखा रगडा भिंतीवर फूटभर उडतो. आणि दुसरं, तोवर कामवाल्या मावशींना फरशीवर अ‍ॅसिड टाकू देऊ नका. मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, अ‍ॅसिड दोन्ही खातं, फरशी खडबडीत होते आणि मग अजून जास्त मळ धरते.

क्रम असा ठेवा, आधी प्लंबर, मग इलेक्ट्रिशियन, मग फरशी, मग रंग, शेवटी साफसफाई. इलेक्ट्रिशियनला नुसते बटणांचे बोर्ड बदलायला नका सांगू, अर्थिंग आहे का बघायला सांगा आणि जुने फ्यूज असतील तर एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) बसवून घ्या, कारण घेणारा पहिला प्रश्न एसीचा विचारतो. रंग साधा, पांढऱ्याकडे झुकणारा. एका भिंतीवर गडद वांगी वगैरे करू नका प्लीज. ओट्याचा काळा कडप्पा असेल तर घासून तेलाचा हात फिरवा, सिंकचा नळ नवा लावा, ट्रॉल्या खडखडत असतील तर रिपेअर करा, झालं किचन. बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांमधलं काळं झालेलं ग्राउट खरवडून नवीन भरा, एका दिवसाचं काम आहे आणि बाथरूम दहा वर्षांनी लहान दिसतं. माळे पूर्ण रिकामे करा. आईवडलांच्या घरचा माळा रिकामा करणं किती जड जातं ते मला माहितीये, मी बाबांच्या तीन रिकाम्या बिस्किटांच्या डब्यांसाठी अर्धा तास रडले होते, पण ते काम गिऱ्हाईक यायच्या आधीच उरकलेलं बरं.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीये. घर कोणाच्या नावावर आहे? सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून वडलांच्याच नावाचं असेल तर ते किचनपेक्षा आधी बघा. तुमच्यापैकी कोणाचं नॉमिनी म्हणून नाव असेल तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो सोसायटीच्या लेखी सांभाळणारा, मालकी वारसांचीच. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही दोघं (आणि अजून कोणी वारस असेल तर तेही) मिळून सही कराल किंवा एकजण आपला हिस्सा दुसऱ्याला सोडल्याचं रजिस्टर हक्कसोडपत्र करून देईल. घेणाऱ्याची बँक कधी कधी वारस दाखला मागते आणि त्याला महिने जातात, तेवढ्यात चांगलं गिऱ्हाईक दुसरीकडे टोकन देऊन मोकळं होतं. एक फाइल करा, मूळ अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र, मंजूर नकाशाची कॉपी, चालू वर्षाची टॅक्स पावती, लाइट बिल, सोसायटीचं नो ड्यूज. कर्ज होतं का कधी? फिटलं असलं तरी बँकेचं पत्र शोधा. बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट हवं, सोसायटीने केलं असेल तर त्या रिपोर्टची झेरॉक्स मिळवा, आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-बिल्डिंग सोसायटीच्या नावावर, झालंय का ते सेक्रेटरींना विचारून घ्या, कारण कोथरूडमध्ये एवढ्या जुन्या घराचं गिऱ्हाईक रिडेव्हलपमेंटचा विचार डोक्यात ठेवूनच येतं. आणि टेप घेऊन खोल्या मोजून ठेवा, जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेलं असतं आणि लोक विचारतात कार्पेट (भिंतींच्या आतलं), मग तिथे अडखळलं की समोरच्याला वाटतं काहीतरी लपवतायत.

हो, आणि सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम म्हणून भलताच आकडा सांगितला तर राज्य सरकारने २५ हजारांची कमाल मर्यादा घातलेली आहे हे लक्षात ठेवा. "स्वेच्छा देणगी" म्हणून जास्त मागतात, ती स्वेच्छा कोणाची ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : आमचा बदलापूरला सगळ्यात वरच्या मजल्यावर वनबीएचके आहे. बेडरूमच्या कोपऱ्यात छताला ओल आहे, पोपडे पडतात. मिस्टर म्हणतात दिवाळीत पुट्टी मारून रंग देऊ आणि लगेच विकून टाकू, पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणाला कळतंय. मला ते पटत नाही. तुम्ही काय कराल? – एक वाचक

मी काय करीन ते नका विचारू, मी काय केलं ते सांगते, कारण मी हेच केलं होतं.

चिंचवडच्या घरात बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती. पेंटर म्हणाला ताई डॅम्पप्रूफ मारतो, चिंता सोडा. मी चिंता सोडली, दोन हात रंग झाला, भिंत गुळगुळीत, मी इतकी खूश की तिच्यासमोर आरामखुर्ची मांडून ठेवली. सहाव्या आठवड्यात एक काका-काकू आले, सगळं आवडलं, किमतीचं पण जवळजवळ जमलं, आणि निघता निघता काकांनी त्या भिंतीला तळहात लावला. नुसता लावला. मग खिशातून किल्ली काढून रंगाला टोचलं तर आत पापड झाला होता, टचकन फुटला आणि त्याखाली पांढरी भुकटी. काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. ते गिऱ्हाईक तर गेलंच पण त्यांना घेऊन येणारा एजंट पण परत फिरकला नाही. पेंटरला काय बोलणार, ओल आहे हे मलाही माहिती होतंच की.

होतं काय, की भिंतीतलं पाणी बाहेर यायला बघतं, येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साठून त्याला ढकलतात. लोणा म्हणतात तोच हा. म्हणून वरून कितीही भारी रंग लावा, मागून ढकलणारा आहेच. पाणी येतं तिथे बंद केल्याशिवाय काही उपयोग नाही.

तुमचं त्या मानाने बरं आहे, कारण वरचा मजला. गच्चीतून गळत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे ते दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, तुमच्या खिशातून नाही. आजच लेखी अर्ज द्या, फोटो जोडून, आणि पोच घ्या. गच्चीवर जाऊन तुम्हीही बघा, पावसाच्या पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी कचरा अडकलाय का, कोब्याला किंवा चायना मोझॅकला भेगा आहेत का, पाण्याच्या टाकीखाली कायम ओलं असतं का. काम झाल्यावर छताचं सुटं झालेलं प्लास्टर खरवडून ते तसंच उघडं ठेवा, निदान तीन-चार आठवडे. मग जाड प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी टेप लावून तिथे चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा, आतल्या बाजूला थेंब असतील तर अजून सुकलेलं नाही, थांबा. कोरडं असेल तर पुट्टी, प्रायमर, रंग.

मिस्टरांना अजून एक सांगा. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्यात विकणाऱ्यावर जबाबदारी आहे की साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष माहिती असेल तर तो घेणाऱ्याला सांगायचा. कोर्टकचेरी कोणी करेल न करेल, पण तुमचं नाव-नंबर त्या माणसाकडे असतो आणि जूनमध्ये पहिला फोन तुम्हालाच येतो. उलट आपणहून सांगा, की इथे गळत होतं, सोसायटीने अमुक महिन्यात काम केलं, हे फोटो, हे बिल. आमचा दुसरा फ्लॅट मी असाच विकला, ओलीचा किस्सा दारातच सांगितला, आणि समोरचा एवढा निवांत झाला की बाकी फार काही तपासलंच नाही त्याने.

प्रश्न : आमचं दार दक्षिणेला आहे म्हणून दोन गिऱ्हाइकं परत गेली. दार बदलता येईल का? पिरॅमिड वगैरे लावू का? – एक वाचक, सोलापूर

नाही आणि नको. फ्लॅटचं मुख्य दार हलवणं म्हणजे भिंती फोडणं, महापालिका, सोसायटी, कॉलम, कशाला. ज्याला दक्षिणेचं दार चालत नाही त्याला पिरॅमिड लावूनही चालत नाही, उलट पिरॅमिड बघून त्याला वाटतं की इथे काहीतरी घडलंय. जाहिरातीतच "दक्षिणाभिमुख" लिहा म्हणजे ज्यांना चालतं तेच येतील, तुमचे रविवार वाचतील. आणि पितृपक्षात कोणी फिरकलं नाही तर घराला दोष देऊ नका, त्या पंधरवड्यात टोकन द्यायला लोक कचरतातच, दसऱ्याला बघा फोन वाजतात की नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. नाशिकचा आमचा फ्लॅट चार वर्षं बंद आहे, चुलतभाऊ अधूनमधून उघडतो. त्याने दोघांना दाखवला, दोघंही म्हणाले घरात घाण वास येतो. भावाने अगरबत्त्या लावून बघितल्या. काय करावं? दुरून विकता येईल का? – एक वाचक

अगरबत्ती नको!! वास आणि वर चंदन, हे कॉम्बिनेशन मी एका घरात अनुभवलंय, अजून नाकात आहे.

बंद घरातल्या वासाचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. बाथरूमच्या नहाणीला, सिंकखाली, बेसिनखाली, कमोडमध्ये एक वाकडा भाग असतो ज्यात थोडं पाणी कायम साठलेलं राहतं, ते पाणीच झाकणासारखं काम करतं आणि ड्रेनेजचा वास अडवतं. चार वर्षांत ते पार उडून गेलंय, त्यामुळे गटार थेट तुमच्या बेडरूमला जोडलं गेलंय म्हणा ना. झुरळं पण तिथूनच येतात. भावाला सांगा प्रत्येक जाळीत एक-एक बादली पाणी ओत, कमोड दोनदा फ्लश कर, आणि पाणी घातल्यावर वर चमचाभर गोडं तेल सोड म्हणजे ते लवकर उडणार नाही. मग सगळ्या खिडक्या उघडून दोन दिवस पंखे चालू. गाद्या, उशा, जुने पडदे, कपाटातले कागद, हे सगळं घराबाहेर, कोणाला द्यायचं ते देऊन टाका, चार पावसाळे कापसाने पिऊन घेतलेत ते कितीही ऊन दाखवलं तरी जात नाहीत. डांबराच्या गोळ्या कपाटांतून काढा. कपाटांची दारं उघडी ठेवा. टाकीतलं आणि पाइपमधलं जुनं पाणी वाहून जाऊ दे, नळ उघडल्यावर पहिल्यांदा तांबडं पाणी आलं की समोरच्याचा चेहराच उतरतो.

लाइट कनेक्शन चालू आहे ना ते बघा. बिल थकून मीटर काढून नेलेलं घर मी मोबाइलच्या टॉर्चवर बघितलंय, भुताच्या सिनेमासारखं. आणि शक्यतो सकाळी किंवा ज्या वेळी हॉलमध्ये ऊन येतं त्या वेळी दाखवा, ती वेळ भावाला एका रविवारी बसून नोंदवायला सांगा.

दुरून विकता येतं. भावाच्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करायची, तिकडे भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) करून पाठवायची, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची, हे तीन महिने बरेच जण विसरतात. मसुदा नाशिकच्या वकिलाकडूनच करून घ्या, "फ्लॅट विकण्याचा अधिकार" एवढं मोघम नको, फ्लॅटचा पूर्ण तपशील, सही करण्याचा, रजिस्ट्रारसमोर हजर राहण्याचा, सगळं. पैसे मात्र तुमच्या खात्यात यायला हवेत असं त्यातच लिहा, चुलतभाऊ कितीही चांगला असो, उद्या दोघांनाही ताप नको.

आणि टॅक्सचं आधीच सांगून ठेवते. विकणारा इथला रहिवासी असेल तर घेणारा ५० लाख किंवा जास्तच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस (टॅक्सपोटी आधीच कापून सरकारात भरायची रक्कम) कापतो. तुम्ही एनआरआय, तुम्हाला तो १ टक्का नाही, ५० लाखांची सवलतही नाही, कापायची रक्कम खूपच मोठी असते. कमी कापण्यासाठी आयकर खात्याकडून सर्टिफिकेट काढता येतं पण त्याला वेळ लागतो, म्हणून सीएला गिऱ्हाईक मिळाल्यावर नाही, आत्ताच गाठा. घेणाऱ्यालाही पहिल्याच भेटीत सांगा की मालकीणबाई परदेशात आहेत, हे मागाहून कळलं की लोक बिथरतात.

प्रश्न : आम्ही राहत्या घरातच आहोत, दोन मुलं (७ आणि ४) आणि सासूबाई. एजंट कधीही फोन करून म्हणतो "वहिनी अर्ध्या तासात येतोय". घर आवरून होत नाही. सासूबाईंना परक्या माणसांनी देवघरापर्यंत आलेलं आवडत नाही, आणि आलेल्यांना त्या चहा देऊन पाणी कमी येतं, वरचे लोक रात्री खलबत्ता वाजवतात असं सगळं सांगतात! – एक वाचक, ठाणे

मला तुमच्या सासूबाई आवडल्या.

आधी एजंटला आवरा. त्याला ठणकावून सांगा, शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ आणि रविवारी सकाळी १० ते १, बाकी वेळी नाही. तो म्हणेल पार्टी सिरियस आहे, आजच बघायचंय. सिरियस पार्टी रविवारी पण सिरियसच असते. उलट एकाच वेळेत दोन-तीन कुटुंबं आली, जिन्यात एकमेकांना दिसली की त्यांचंच मन लवकर ठरतं.

मुलं असलेलं घर मॅगझिनसारखं दिसणार नाही आणि दिसू पण नये, खोटं वाटतं. मोठ्या दोन प्लास्टिकच्या पेट्या घ्या, शनिवारी चार वाजता जमिनीवर जे दिसेल ते त्यात, पेट्या गाडीच्या डिकीत. ज्या गोष्टी सहा महिने लागणार नाहीत त्या आत्ताच खोक्यात भरून आईकडे किंवा कुठेतरी ठेवा, नाहीतरी शिफ्टिंगला भरायच्याच आहेत. ड्राय बाल्कनी मोकळी करा, लोक तिथे वॉशिंग मशीन कुठे बसेल ते बघतात आणि तिथेच तुमची जुनी सायकल, कुंड्या आणि पेपरची रद्दी असते. फ्रिजवरचे मॅग्नेट, दारामागचे हँगर, ओट्यावरच्या बरण्या कमी करा, मोकळा ओटा मोठा दिसतो. ट्यूब उडत असेल तर बदला. त्या दिवशी सकाळी मासे तळू नका, मला कितीही आवडत असले तरी. कपाटं लोक उघडतात, भिंतीतली आणि घरासोबत जाणारी आहेत त्यामुळे उघडणारच, म्हणून दागिने आणि औषधं कुलपात, आणि मुलांची नावं-शाळा लिहिलेले आयकार्ड दाराशी टांगलेले असतात ते काढून ठेवा.

देवघराचं सोपं आहे. सासूबाईंना तिथेच खुर्ची द्या. दारातूनच "हे देवघर" म्हणून दाखवायचं, आत चपला तर नाहीच कोणी नेत आपल्याकडे, आणि पोथी वाचत बसलेल्या आजींच्या अंगावरून कोणी पुढे जात नाही.

राहिलं त्यांचं बोलणं. चहा चालू दे, चहा पिताना माणूस दहा मिनिटं जास्त बसतो. पाण्याचं त्या जे सांगतात ते खरं असेल तर घेणाऱ्याला वॉचमन खाली सांगणारच आहे, तुम्हीच आधी सांगा, सकाळी किती ते किती येतं, टाकी किती लिटरची आहे, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे महिन्याला किती पडतात. खलबत्त्याचं मात्र बघा बाई जरा, वरच्यांना एकदा भेटून विचारून या, कदाचित त्यांना माहितीच नसेल, आणि मग सासूबाईंना पण पुढच्या रविवारी दुसरा विषय मिळेल.